स्मॉलहाइथच्या कोठारात

केंट परगण्यातील स्मॉलहाइथ हे इतके लहान गाव आहे की तेथे मुद्दाम जावे असे काही असेल, असे नकाशा पाहून कुणालाही वाटणार नाही. लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकातून ॲशफर्डपर्यंत जलद गाडी, तेथून टेंटरडनपर्यंत बस आणि पुढे सुमारे तीन किलोमीटर पायी, असा माझा प्रवास झाला. टेंटरडनची पांढऱ्या फळ्यांची घरे मागे पडली की रस्ता उतरू लागतो, द्राक्षमळे लागतात आणि मग मेंढ्यांची सपाट, ओलसर कुरणे. एके काळी येथे नदीचे रुंद पात्र होते आणि काठावर जहाजे बांधली जात. नदीने पात्र बदलले, पाणी दूर गेले आणि बंदर केवळ नावापुरते उरले. त्या बंदरातले सोळाव्या शतकातील एक लाकडी चौकटीचे घर एलन टेरी या थोर अभिनेत्रीने १८९९ मध्ये विकत घेतले. आज ते नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि बहुतेक लोक तिच्यासाठीच येथे येतात. मी मात्र तिच्या मुलीसाठी, एडिथ क्रेगसाठी, गेले होते.

एडिथचा जन्म १८६९ चा. एलन टेरी आणि वास्तुविशारद एडवर्ड गॉडविन यांचा विवाह झालेला नव्हता, त्यामुळे मुलीला वडिलांचे आडनाव मिळाले नाही. ‘क्रेग’ हे नाव स्कॉटलंडच्या समुद्रातील एल्सा क्रेग या खडकाळ बेटावरून घेतलेले आहे आणि आरंभी रंगमंचावर ती ‘एल्सा क्रेग’ याच नावाने उभी राहत असे. आईच्या आणि हेन्री अर्विंगच्या लायसियम नाटकमंडळीत तिने भूमिका केल्या, पोशाख बेतले, आणि पुढे दिग्दर्शन हेच तिचे खरे क्षेत्र ठरले. बायकांना मत मिळावे म्हणून ती लंडनच्या रस्त्यावर उभी राहून चळवळीचे वृत्तपत्र विकत असे. एवढ्या नामवंत आईच्या मुलीने फुटपाथवर अंक विकायला उभे राहावे, यातच तिचा स्वभाव मला दिसतो.

घराच्या जमिनी चालताना अक्षरशः कलतात आणि छत इतके खाली आहे की मीही वाकूनच दारातून गेले. एलन टेरीने १८८८ मध्ये लेडी मॅकबेथ साकारताना घातलेला हिरवा पोशाख येथे जपलेला आहे. त्यावर सुमारे एक हजार भुंग्यांचे पंख शिवलेले आहेत. मी काचेला नाक लावून पाहिले, तेव्हा प्रत्येक पंख कडेला निळसर आणि मध्ये शेवाळी दिसला, आणि मी जरा सरकले की सगळ्या पोशाखावरून उजेडाची एक लाट जाई.

तरीही ज्या गोष्टीमुळे मी येथवर आले, ती या पोशाखाहून माझ्या अधिक जवळची आहे. १० नोव्हेंबर १९०९ रोजी लंडनच्या स्काला नाट्यगृहात ‘अ पॅजंट ऑफ ग्रेट विमेन’ हा प्रयोग झाला. लेखन सिसिली हॅमिल्टनचे, दिग्दर्शन एडिथचे. त्यात ‘स्त्री’ न्यायदेवतेकडे स्वातंत्र्य मागते, ‘पूर्वग्रह’ नावाचा पुरुष तिला आडवा येतो आणि त्याच्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर म्हणून इतिहासातील स्त्रिया गटागटाने रंगमंचावर येतात: विदुषी, कलावंत, संत, राज्यकर्त्या. एलन टेरी त्यात नॅन्स ओल्डफील्ड ही जुन्या काळची नटी झाली होती आणि एडिथ स्वतः चित्रकार रोझा बोनर. शेवटी युद्ध हे पुरुषांचेच काम, हा आक्षेप येतो आणि योद्ध्या स्त्रिया पुढे येतात. त्या गटाच्या पात्रयादीत जोन ऑफ आर्क आणि प्राचीन ब्रिटनची राणी बोडिसिया यांच्याबरोबर ‘रानी ऑफ झांशी’ हे नाव मी प्रथम वाचले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले.

तांब्यांची मनू, मराठी घरातली मुलगी, जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ इंग्रजांच्याच फौजेशी लढताना पडली. त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी इंग्रज बायका तिला आपली साक्षीदार म्हणून लंडनच्या रंगमंचावर बोलावतात. त्याच प्रयोगात राज्यकर्त्यांच्या गटात व्हिक्टोरिया राणीही आहे, हेही सांगितले पाहिजे. झाशी खालसा करणाऱ्या सत्तेविषयी या प्रयोगाला काही म्हणायचे होते, असा दावा मी करणार नाही. पण लढणारी स्त्री म्हणजे कोण, या प्रश्नाला त्यांना लक्ष्मीबाई आठवली, एवढे मला पुरेसे आहे. पुढे एडिथने हा प्रयोग गावोगावी नेला. बोलणाऱ्या मुख्य भूमिका व्यावसायिक नटी करीत आणि बाकीच्या थोर स्त्रिया त्या-त्या गावातल्या कार्यकर्त्या होत. स्वान्सी किंवा मिडल्सब्रो अशा गावी एखादी स्थानिक बाई एका संध्याकाळपुरती झाशीची राणी होऊन उभी राहिली असेल, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

१९११ मध्ये एडिथने ‘पायोनियर प्लेयर्स’ ही संस्था काढली. ती सभासदांपुरती असल्याने सरकारी परवाना न मिळालेली नाटकेही तिला करता येत. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मतदानाचा हक्क देणारा कायदा २ जुलै १९२८ रोजी झाला आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला एलन टेरी याच घरात वारली. दुसऱ्या वर्षी एडिथने घराशेजारच्या गवती छपराच्या धान्याच्या कोठाराचे नाट्यगृह केले आणि आईच्या स्मृतिदिनी तेथे दरवर्षी नटनट्यांना बोलावून प्रयोग करू लागली. मी गेले त्या दुपारी कोठार रिकामे होते. तुळयांवर जुन्या लाकडाचा वास होता आणि लहानशा रंगमंचाची उंची माझ्या गुडघ्याच्या वर नव्हती. मी बराच वेळ मागच्या बाकावर बसून राहिले.

शेजारच्या ‘प्रीस्ट्स हाउस’मध्ये एडिथ आपल्या दोन सहचारिणींसह राहत असे: लेखिका क्रिस्टोफर सेंट जॉन आणि चित्रकार क्लेअर ॲटवुड. क्रिस्टोफर हे त्या स्त्रीने स्वतः घेतलेले नाव. तिघींचे हे घर एडिथच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे मार्च १९४७ पर्यंत टिकले. लाल विटांच्या चर्चच्या अंगणात क्रिस्टोफर आणि क्लेअर शेजारी-शेजारी आहेत. एडिथची रक्षाही त्यांच्याजवळ ठेवायची होती, पण त्या दोघी गेल्या तोवर ती कोठेतरी हरवली होती, म्हणून तिच्या नावाचे केवळ स्मारक आहे. परतीच्या बसची वेळ झाली होती. अंगणाबाहेर कुंपणालगत पांढरी रानफुले होती, त्यांतली दोन तोडून मी तिच्या नावापाशी ठेवली आणि टेंटरडनचा चढ चढू लागले.