पखवाजाची डावी बाजू

माघात कट्टा गावी एक डबलबारी झाली, म्हणजे दोन बुवांच्या भजनाचा सामना. मी स्वतः आमच्या वाडीच्या भजन मंडळात पखवाज वाजवतो, त्यामुळे बुवा काय गातात यापेक्षा त्यांचा पखवाजी काय करतो याकडेच माझे कान. माइकच्या स्टँडला छोटा रेकॉर्डर बांधून सगळी बारी उतरवून घेतली. घरी हेडफोनवर ऐकली तर डाव्या हाताचा ठोका पोटात उतरत होता. डाव्या तोंडाला कणीक बेताची लावलेली, पखवाज चढवलेला, सगळं कळत होतं. तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून गाडीत लावली आणि वाटलं, कोणीतरी तेलाच्या रिकाम्या डब्यावर थापा मारतंय.

मालवणहून ओरोसला रोज नोकरीला जातो. जायला तास, यायला तास. दिवसातले दोन तास ज्या खोलीत बसायचं, त्या खोलीत पखवाजाची डावी बाजू ऐकू येत नसेल तर काय उपयोग? काजूचे पैसे आले तेव्हा त्यातले ३५ हजार बाजूला काढले आणि वहीत यादी केली: मोठा टचस्क्रीन सेट, स्पीकर, अँप म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, डिकीत खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, म्हणजे सबवूफर. यादी बघून बायको म्हणाली, "तुमका पखवाज ऐकूचो आसा की गाडयेक मंडप घालूचो आसा?"

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. आधीच्या गाडीत मी एका दुकानदाराचं ऐकून डिकीत १२ इंची बास ट्यूब, म्हणजे नळकांड्यातला सबवूफर, टाकली होती. ती प्रत्येक गाण्याला एकच सूर लावायची. ढोल असो, तंबोरा असो, "भूं". दोन पावसाळ्यांत तिच्या कार्पेटवर पांढरी बुरशी आली आणि भंगारवाल्यानेही तोंड वाकडं केलं. म्हणून या वेळी ठरवलं, आधी कळून घ्यायचं, मग पैसे काढायचे.

यादीतून पहिला गेला टचस्क्रीन. खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" असं ठळक छापलेलं असतं. पण इंजिन चालू असताना गाडीत मिळतात फार तर १४.४ व्होल्ट. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यात स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त २६ वॅट मिळू शकतात. १४.४ चा वर्ग करा आणि ८ ने भागा, झालं. प्रत्यक्षात हाती १८-२० पडतात. माझा जुना सेटही तेवढे देतोच. त्यात वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे कानाला "जरा वाढला वाटतं" इतपतच. जुन्या सेटला यूएसबी आहे, मागे अँपला जोडायला आरसीएची, म्हणजे आवाजाच्या वायरी खोचायची, जोडी आहे. नकाशा बघायला मोबाइल आहे, आणि वाटेवरच्या कसालचा रस्ता मला डोळे मिटूनही सापडेल. १२ हजार वाचले.

मग स्पीकर. इथे मला एक गोष्ट कळली ती घरापुढच्या खळ्यात बसून. जुन्या गाडीतला ६ इंची स्पीकर माळ्यावर पडून होता. घरातल्या अँपला जोडला आणि हातात अधांतरी धरला. झांजा ऐकू येत होत्या, पखवाज नावालाही नाही. मग फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला, मध्ये गोल भोक पाडलं आणि स्पीकर त्यावर घट्ट दाबून धरला. मुलगा पायरीवरून ओरडला, "इलो! बाबा, आवाज इलो!" तोच स्पीकर, तोच अँप, फक्त एक पुठ्ठा वाढला.

कारण साधं आहे. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे खेचतो. खालच्या सुरांत मागची लाट कडेने वळून पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारते. मध्ये भिंत उभी केली की दोघींची गाठ पडत नाही. गाडीत ही भिंत म्हणजे दार. आणि दाराचं प्लॅस्टिक पॅड काढून बघाल तर आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं असतात, वर चिकटवलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद. म्हणजे २० हजारांचा स्पीकर आणून मी तो अधांतरीच धरणार होतो.

पॅड काढलंच होतं म्हणून दुसरी परीक्षा केली. सेटपासून वायर सोडवली आणि स्पीकरच्या वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टेकवला. प्लसला प्लस लावला की पडदा बाहेर उडी मारतो. उजव्या दाराचा बाहेर आला. डाव्याचा आत गेला. पुन्हा टेकवला. आत.

दोन वर्षांपूर्वी डाव्या काचेची मोटर बदलून घेतली होती. तेव्हा कोणीतरी स्पीकरची वायर कापली, पिळून जोडली, वर टेप मारला, आणि जोडताना उलटसुलट केली. दोन वर्षं माझा उजवा स्पीकर पुढे येत होता तेव्हा डावा मागे जात होता, आणि पखवाज दोघांच्या मध्ये मरत होता. टेप सोलला तर आतलं तांबं हिरवंगार. वायर सुलटी करून नीट डाग दिला, खर्च शून्य. संध्याकाळी बारी लावली आणि निम्मा पखवाज फुकटात परत आला. राग कोणावर काढायचा हेही कळेना, कारण दोन वर्षं ऐकत मीच होतो.

तरी उरलेला निम्मा पाहिजेच. म्हणून आता वहीत पहिल्या ओळीवर दार आहे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबराचे डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारा चिकट पट्टा. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी त्याचा "टण" जाऊन "डब" होतो. डांबराचं स्वस्त शीट मिळतं, पण मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत ते पाझरेल, आणि तो वास मला नको. आतल्या पत्र्याची भोकं मात्र पूर्ण बंद करायची.

इथेच कोकण आडवं येतं. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात शिरतंच. ते खालच्या बारीक भोकांतून निघून जावं अशीच दाराची रचना असते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, ती भोकं शीटने बुजवली तर दाराची विहीर होईल. आणि ओलसर पत्र्यावर शीट मारलं तर त्याखाली गंज पोसला जाईल. त्यामुळे चवतीक, म्हणजे गणपतीला, मुंबईचे पाहुणे येण्याआधी हे काम होणार नाही, असं घरात सांगून टाकलंय. तुळशीचं लग्न झालं की कोरडा आठवडा बघून दारं उघडायची, थिनरने पुसायची, दिवसभर उन्हात ठेवायची.

स्पीकर पुठ्ठ्याच्या, म्हणजे कागदी कोनचे नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे घेणार. कडेला फोम नको, रबर हवा. दारात खालच्या सुरांचा वूफर, आरशाजवळच्या तिकोनात वरच्या सुरांचा ट्वीटर. वूफरखाली जाड रिंग लागते. बाहेर सर्रास एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या दाबलेल्या फळीची, मारतात. इथल्या हवेत एमडीएफ चहात भिजलेल्या बटरासारखं फुगतं. मग आठवलं, लग्नात आलेला जाड प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड अजून कोऱ्या खोक्यात आहे. आमच्याकडे नारळ आडाळीवर म्हणजे विळीवर, मासे आडाळीवर, भाजी आडाळीवर. बोर्ड कोण विचारतो? पाणी पीत नाही, सडत नाही, जिगसॉने छान कापला जातो. दोन रिंगा झाल्यासुद्धा. ज्या दिवशी कापला त्याच संध्याकाळी बायकोला तो बोर्ड नेमका हवा होता. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

वायरीत काटकसर करणार नाही. स्वस्त वायर बहुधा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते. कापलेल्या तोंडाला खारी हवा लागली की तिथे पांढरी भुकटी धरते. कलई केलेली शुद्ध तांब्याची ८ गेज जाडीची घ्यायची, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायची, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमध्ये डास गुणगुणतो. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघडा पत्रा पकडायचा, आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस फासायचं. मालवणात उघडा पत्रा म्हणजे गंजाला आवतण.

अँप शेजारच्या सीटखाली, पण थेट जमिनीवर नाही. पावसात छत्री, चप्पल आणि कधी बांगडे माशांची पिशवी, सगळ्यांचं पाणी तिथेच साचतं. दोन इंच उचलून बसवीन. अँप डीएसपीचा, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज हवा तेवढा थांबवता येणारा, बघतोय. टेप लावून मोजलं, माझ्या कानापासून उजवा स्पीकर ८२ सेंटिमीटर, डावा १३९. या ५७ सेंटिमीटरमुळे डाव्याचा आवाज मला सुमारे १.६६ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि बुवा माझ्या उजव्या गुडघ्यावर बसून गातात. उजव्याला तेवढंच थांबवलं की ते समोर काचेपाशी येतील. सबवूफर यादीतून तूर्त कापलाय. दारं नीट बसली आणि तरी कमी वाटलं तर बघू.

काल ओरोसला जाताना पुन्हा तीच बारी लावली. गजर सुरू झाला, डाव्या हाताचा पहिला ठोका पडला आणि दाराच्या खिशातली सुटी नाणी नाचली. गाडी बाजूला घेऊन नाणी काढली. पुढच्या ठोक्याला काचेच्या बटणाजवळ काहीतरी झिणझिणलं. तिथे तळहात दाबून धरला तर थांबलं, हात काढला की पुन्हा चालू. कसालपर्यंत एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने दार धरून गेलो.