गोळी घालायची की जाऊ द्यायचं

शनिवार, ८ नोव्हेंबर, रात्री
लॅनो काउंटी, टेक्सास

आज कोणी काही मारलं नाही, आणि तरी रात्री वाद झाला तो एका बॉबकॅटला (म्हणजे इथल्या रानमांजराला) मारण्यावरूनच.

हरणांचा मोसम गेल्या शनिवारी उघडला. तात्यांचं बोलावणं ठरलेलं असतं. (तात्या म्हणजे आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले गोरे गृहस्थ. सत्तरीच्या पुढचे, झुपकेदार मिश्या, समोरचा बोलत असला की डोळे मिटून घ्यायची सवय. मी मनातल्या मनात त्यांना तात्याच म्हणतो, मग रोजनिशीत वेगळं कशाला.) त्यांनी मित्रांबरोबर इथली एक जमीन शिकारीपुरती भाड्याने घेतली आहे. टेक्सासमध्ये पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी, त्यामुळे शिकार करायची तर जमीनवाल्याशी ओळख हवी, नाहीतर पैसे मोजून लीज. मी बंदूक धरत नाही. माझ्याकडे कॉफीचा थर्मास, गप्प बसणं, आणि रात्री हरणाच्या खिम्याला मालवणी मसाल्याची फोडणी देणं, एवढी खाती आहेत. तिसऱ्या खात्यामुळेच बोलावतात, हे मला ठाऊक आहे.

पहाटे अंधारातच मचाणावर चढलो. लोखंडी खांबांवर प्लायवुडची खोली, आत दोन फिरत्या खुर्च्या, कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं जुनं पोळं. समोर साठ-सत्तर यार्डांवर तीन पायांचा फीडर. सातच्या सुमाराला त्याची चकती गरगरली, मका खडखडत उधळला, आणि ओकच्या झाडीतून माद्या आल्या, मागे यंदाची पाडसं. बराच वेळ नुसतं चरणं. मग एकदम सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. एकीने पुढचा खूर आपटला. मेस्किटच्या आडून (मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण) बॉबकॅट बाहेर आला.

घरच्या बोक्याच्या दुप्पट अंग. पाय लांब, मागचे जरा उंच, त्यामुळे चालताना पुढे झुकल्यासारखा वाटतो. शेपूट वीतभर, कोणी कापून टाकल्यासारखी. टोकाला वरून काळी, खालून पांढरी. कानांच्या मागे पांढरा ठिपका. त्याने हरणांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ फीडरच्या पायाशी गेला आणि पुढचे पाय छातीखाली घेऊन बसला. मक्यावर उंदीर येतात, होले उतरतात, हे त्याला पाठ असणार. तात्यांनी बंदूक उचलली, तिच्या दुर्बिणीतून नीट पाहून घेतलं. बोट घोड्याच्या बाहेर होतं. मग बंदूक परत कोपऱ्यात. थोड्या वेळाने बॉबकॅट उठला, आळस दिला आणि ओढ्याच्या बाजूला उतरून गेला. हरणं काही परत आली नाहीत.

रात्री शेगडीभोवती बसलो असताना तात्यांच्या जावयाने विषय काढला. "समोर बसला होता आणि सोडलात?" त्याचं म्हणणं सरळ होतं. तो पाडसं खातो, टर्कीची पिल्लं खातो, लावे खातो. कायद्याने मारता येतो. कातडं सुरेख असतं, भिंतीवर शोभेल.

"कुठल्या भिंतीवर?" तात्या डोळे न उघडताच म्हणाले. "माझ्या मुलीला विचारलंस?"

हशा झाला, पण जावई मागे हटला नाही, आणि तो चुकीचं काही बोलत होता असंही नाही. टेक्सासचा कायदा या बाबतीत हात झटकून मोकळा झालेला आहे. हरणासाठी मोसम, संख्येची मर्यादा, परवान्यातली चिठ्ठी फाडून शिकारीला लावायची. शंभरावर काउंट्यांत तर नराच्या शिंगांच्या आतलं अंतर १३ इंच भरतं का, हे गोळी घालण्याआधी डोळ्यांनी मापायचं. बॉबकॅट मात्र शिकारीच्या जनावरांत मोडत नाही आणि केसाळ कातड्याच्या जनावरांच्या यादीतही नाही. स्कंक आणि रकून त्या यादीत आहेत, हा नाही! याला बेडूक, कासव, ससा, साळिंदर आणि कोयोटी (कोल्ह्यासारखा इथला रानकुत्रा) यांच्या पंगतीत बसवलंय. परवाना खिशात हवा आणि जमीनमालकाची संमती हवी, की झालं. मोसम बारमाही, संख्येला धरबंध नाही, खाजगी जमिनीवर रात्रीसुद्धा चालतं. कातडं राज्याबाहेर न्यायचं असेल तेव्हा कुठे सरकारी बिल्ला लागतो, कारण १९७७ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात त्याचं नाव आहे. बिबटे आणि ऑसेलॉट (ठिपकेदार रानमांजर) यांच्या कातड्यांवर बंधनं आल्यावर फरवाल्यांनी मोर्चा याच्याकडे वळवला होता आणि सत्तरच्या दशकात भाव कुठल्या कुठे गेले होते. आता तेही राहिलं नाही. चांगला भाव मिळतो तो पश्चिमेकडच्या, पांढऱ्या ठिपकेदार पोटाच्या कातड्यांना.

म्हणजे निर्णय सगळा त्या एका बोटावर.

तात्यांनी का सोडला, ते झोपायला जाताना विचारलं. मला वाटलं, काही तरी भारी ऐकायला मिळेल. ते म्हणाले, गोळीचा आवाज झाला की पुढचे दोन तास हरीण फिरकत नाही. शिवाय एक मारलेला आहे, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, भुसा भरून गॅरेजमध्ये पडलाय. तो मी पाहिलाय. वॉटर हीटरच्या वर ठेवलेला, एका कानाचं टोक कसरीने खाल्लेलं, काचेचे डोळे नको इतके पिवळे. त्यांची बायको त्याच्यावर ख्रिसमसची दिव्यांची माळ गुंडाळून ठेवते.

रविवार, ९ नोव्हेंबर

दुपारी शेजारचा शेळीवाला कुंपणाशी भेटला. बोअर जातीच्या शेळ्या आहेत त्याच्या, शंभराच्या वर. जावयाने मुद्दाम विषय काढला, आपल्या बाजूचा साक्षीदार मिळेल म्हणून. मिळाला, पण अर्धाच.

शेळीवाल्याने बॉबकॅट मारलेले आहेत आणि पुन्हा मारीन म्हणाला. करडू मेलेलं दिसलं की तो आधी बघतो कोणी मारलं. कोयोटी मागून-पुढून कुठूनही फाडतात, मोकाट कुत्री तर नुसता चिंधड्यांचा खेळ करतात. बॉबकॅटचं काम स्वच्छ असतं: मानेला किंवा नरड्याला बारीक, जवळजवळ दातांच्या खुणा, आणि उरलेलं पाल्यापाचोळ्याखाली ओढून झाकलेलं. एकदा करडाची चव लागलेला गडी परत येतो, तेव्हा त्याला ठेवत नाही. पण फिरताना नुसता दिसला तर? "तो उंदीर आणि ससे खातोय तोवर माझं त्याच्याशी भांडण नाही. याला मारला तर याच्या जागेवर दुसरा येईल, आणि तो कसला असेल मला काय माहीत?" आता त्याने दोन मोठे पांढरे पिरेनीज कुत्रे कळपातच वाढवलेत. करडं जाणं पुष्कळ कमी झालंय.

या माणसाच्या गोळीबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी आजोबांकडे पीक राखायला म्हणून परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात रानडुक्कर शिरलं की बाहेर निघायची. डुक्कर पडलं तर वाडीत वाटे व्हायचे. बंदूकवाल्याचा वेगळा, हाकाऱ्याला गेलेल्यांचा वेगळा, आणि त्यावरून भांडणंही व्हायची. ते दिवस संपले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर सगळाच हिशेब बदलला, आणि त्यात वाईट काही झालं असं मला वाटत नाही. पण नुकसान होतंय म्हणून किंवा चुलीवर चढवायचंय म्हणून मारणं मला ओळखीचं आहे. अंगावर येतं ते जाता जाता मारणं. आलो होतो हरणासाठी, समोर हा आला, हातात बंदूक होतीच.

जावयाचा पाडसांचा मुद्दा मात्र लॅनोत बसून करायचा म्हणजे कमाल आहे. या गावाच्या पाटीवरच टेक्सासची हरणांची राजधानी असं लिहिलेलं. स्क्रूवर्म नावाची माशी पूर्वी पाडसांच्या बेंबीत अंडी घालायची आणि अळ्या त्यांना जिवंत खायच्या. सरकारने नापीक केलेल्या माश्या विमानातून सोडून तिचा बंदोबस्त केला, तेव्हापासून इथली हरणं अशी वाढली की ओकची रोपटी डोकं वर काढत नाहीत. हरणं जास्त आणि अंगाने लहान, हे रडगाणं काल रात्री जावयानेच गायलं होतं. बॉबकॅट पाडसं खातो, खरं आहे. पण पाडसांचा मोठा शत्रू इथे कोयोटी. आणि लाव्यांची अंडी खाणाऱ्यांत रकून, स्कंक, साप यांचा नंबर याच्या कितीतरी आधी लागतो.

हे मी त्याला बोललो. तो म्हणाला, बरं, मग कोयोटी दिसला तर? मी म्हटलं, तो वाद पुढच्या मोसमात घालू.

सोमवार, १० नोव्हेंबर
घरी, फ्रिस्को (डॅलसजवळ)

डोक्यातून जाईना म्हणून ऑफिसच्या जेवणाच्या सुटीत वाचत बसलो. एक गोष्ट आधी कबूल करायला हवी: 'बिचारे संपत चाललेत' हा मुद्दा चालत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजदादीत अमेरिकेतला आकडा २३ ते ३६ लाखांच्या दरम्यान धरला होता, आणि बहुतेक राज्यांत वाढ होती. एखाद्याने एक मारला म्हणून जात बुडत नाही.

राज्याराज्यांचा न्याय मात्र इतका निराळा की गंमत वाटते. कॅलिफोर्नियाने २०२० पासून बॉबकॅटची शिकार बंद केली. कोलोरॅडोत २०२४ च्या निवडणुकीत तशाच बंदीचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला, लोकांनी तो पाडला. न्यू जर्सीत तर सत्तरच्या दशकात एकही उरला नव्हता. १९७८ ते १९८२ मध्ये मेन राज्यातून २४ आणून सोडले, आजची तिथली वस्ती त्यातूनच पुढे आली. एका राज्यात दुसरीकडून आणून जपतात, दुसऱ्यात फीडरखाली बसला म्हणून गोळी.

सगळ्यांत आवडलं ते जॉर्जियाच्या कंबरलँड बेटाचं. तिथे हरणांनी जंगल चरून फस्त केलं होतं. १९८८ आणि ८९ मध्ये ३२ बॉबकॅट नेऊन सोडले. काही वर्षांत हरणं कमी झाली, उरलेल्यांची वजनं वाढली, ओकची रोपं पुन्हा दिसायला लागली. जावयाला लिंक पाठवली. उत्तर म्हणून अंगठा आला. अंगठ्याचा अर्थ लावणं सोडून दिलंय मी.

आणखी एक वाचलं, ते शनिवारच्या दृश्यात बसवून पाहिल्यावर जास्त टोचलं. पिल्लं बहुधा वसंतात होतात, दोन-तीन. बाप ढुंकून बघत नाही, आईच वाढवते, आणि हिवाळ्यापर्यंत ती तिच्या मागे असतात. म्हणजे नोव्हेंबरात दिसणारी मादी एकटी दिसली तरी एकटी असेलच असं नाही. आणि दुर्बिणीतून नर-मादी कळत नाही. मी वर सगळीकडे 'तो' लिहिलंय, पण तो होता का ती, हे तात्यांनासुद्धा सांगता येणार नाही. हरणाची शिंगं इंचात मापणारा माणूस इथे न बघता बोट दाबतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी शनिवारचा फोटो टाकला होता. कालपासून तो ग्रुप पेटलेला. "किती क्रूर लोक असतात हे", "बंदूक हातात आली की संपलं", "आपल्याकडे बघा, जुन्नरला उसात वाघाटीची (छोट्या रानमांजराची) पिल्लं सापडली तर वनखातं रात्रभर बसून आईशी भेट घडवतं." शेवटचं खरं आहे, आणि वाचून मलाही बरं वाटलं. एका काकूंनी विचारलं, हा चित्ता आहे का.

पण याच ग्रुपवर गेल्या महिन्यात गॅरेजमधल्या उंदरांवर चर्चा झाली होती, आणि कोणाचं औषध जालीम यावर एकमत झालं होतं. आमच्या प्रत्येकाच्या घरामागे ती काळी प्लास्टिकची पेटी आहे. कीटकनाशकवाला तीन महिन्यांनी येतो, उंदरांच्या विषाच्या वड्या बदलतो, दारावर चिठ्ठी लावून जातो. आणि फ्रिस्को-प्लेनोच्या ओढ्यांच्या काठाने बॉबकॅट राहतात. दर हिवाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या डोअरबेलच्या कॅमेऱ्यात एखादा येतोच. त्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायचं थांबतं, तो दोन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो, आणि असा उंदीर पकडणं बॉबकॅटला सगळ्यांत सोपं. विष मग त्याच्या यकृतात साठतं. साउथ कॅरोलायनातल्या किआवा बेटावर हरणांना आवर घालायला बॉबकॅटवरच भिस्त असते. २०१९-२० च्या सुमाराला तिथले बॉबकॅट मरू लागले, तपासणीत हीच औषधं सापडली, आणि मग बेटावर ती बंद करण्याची मोहीम निघाली.

ग्रुपवर हे लिहिलं. दोघांनी हात जोडलेले इमोजी टाकले, एकाने दिवाळी फराळाच्या उरलेल्या वर्गणीचा विषय काढला.

संध्याकाळी कीटकनाशकवाल्याला फोन करून पेटी उचलायला सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती.

"मग उंदरांचं काय?"

"सापळे आणतो. लाकडी, स्प्रिंगचे. पीनट बटर लावायचं."

"आणि सकाळी ते रिकामे कोण करणार?"

"मी."

"लिहून दे," ती म्हणाली. म्हणून इथे लिहून ठेवतोय. उद्या होम डेपोतून सहा सापळे आणि हातमोजे.