कोणागेलो रे तू?

पावसाने दुपारीच काळोख केला होता. गावच्या देवळातल्या भजनी सप्ताहाच्या पाळ्यांची वही ॲप करून मोबाईलवर आणून देतो, असं मी कुठल्याशा उत्साहात कबूल करून बसलो होतो. नाव पुसण्याआधी एक चौकट यावी आणि तिने विचारावं, 'खरंच पुसायचं?' एवढंच काम. अँड्रॉइड ॲपच्या, जावा भाषेतल्या एका धड्यातला कोड उतरवून घेतला. अलर्टडायलॉग डॉट बिल्डर, म्हणजे चौकट बांधणारा; कंसात धिस, म्हणजे 'हा मी'. त्याच्याखाली लाल रेघ.

धड्यात तो धिस ऑनक्रिएटमध्ये, म्हणजे पडदा तयार होताना चालणाऱ्या भागात होता. मी तो बटणाच्या ऑनक्लिकमध्ये नेला, आणि तिथे धिस म्हणजे ॲक्टिव्हिटी, ॲपचा तो पडदा, नव्हेच. तिथला धिस म्हणजे क्लिकची वाट बघत बसलेला बिननावाचा लिसनर. बिल्डरला कॉन्टेक्स्ट, म्हणजे ॲपमधला ठावठिकाणा, हवा. हा कोण उपटसुंभ?

लहानपणी आई मला विरजणाला वाटी देऊन सकयल्या, म्हणजे खालच्या घरी पाठवायची. तिथली आजी सोप्यावर सुपारी कातरत बसलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. "कोण?" "मी." "मी म्हणजे कोण?" मी नाव सांगायचो. अडकित्ता चालूच. "कोणागेलो रे तू?" कोणाचा रे तू, असं. शेवटी "वयल्या घरचा", म्हणजे वरच्या घरचा, म्हटलं की अडकित्ता थांबायचा. "अशें सांग मरे!" मग वाटी आत जायची. माझ्या नावाला त्या घरात काडीची किंमत नव्हती, याचा मला फार राग यायचा. अजून येतो बहुधा.

मेनॲक्टिव्हिटी डॉट धिस लिहिलं. वयल्या घरचा. रेघ गेली.

लगेच दुसरी आली. ऑनक्लिकलिसनर नावाचे दोघे आहेत, एक व्ह्यूचा, म्हणजे पडद्यावरच्या बटणांसाठीचा, एक डायलॉगइंटरफेसचा; चौकटीतल्या बटणाला दुसरा लागतो, मी पहिला दिला होता. तो बदलला तर शेवटच्या कंसापुढचा अर्धविराम राहिलेला. भाचा फोनवर हसला. "मामा, जावा कशाला अजून? नव्या कॉटलिन भाषेत लॅम्बडा, बिननावाचं फंक्शन, लिही, धिस बाहेरचाच राहतो." असेल. पण मला आता कुठे हा धिस जरा कळायला लागलाय.

लाल काही उरलं नाही. बटण दाबलं, ढिम्म. शेवटी डॉट शो, म्हणजे 'दाखव', लिहायचं राहिलं होतं, आणि त्याबद्दल कोड तपासणारा कंपायलर अवाक्षर काढत नाही. खरी चूक झाली की गप्प बसणारी माणसं मलाही माहीत आहेत.

शो लिहिलं. चाचणीसाठी यादीतल्या पहिल्याच नावावर बोट ठेवलं. सकयलें घर, पहाटेची पाळी. आजी गेल्यापासून त्या घराला कुलूप आहे. पाळी वहीत नुसती लिहिली जाते. चौकट आली. 'खरंच पुसायचं?' खाली एकच बटण, 'होय'. 'नको' लावायचं मी विसरलो होतो.

चौकटीबाहेर कुठेही बोट टेकवलं की ती निघून जाते. तसं टेकवलं.