देव्हाऱ्यातला हाली रुपया

१७ सप्टेंबर, लातूर

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन उरकलं, भाषणं दरवर्षीचीच. दुपारी आत्याकडे गेले. महालक्ष्म्या उठल्या तरी मखराचा पसारा पडलेलाच होता, आणि आत्या देवाची भांडी घेऊन मोरीपाशी बसली होती. मीही चिंच घेऊन बसले. समई, पंचपाळं, निरांजन झालं आणि शेवटी ताम्हनाच्या तळाशी हाली रुपया निघाला, निजामाच्या हैदराबाद संस्थानचा. दर लक्ष्मीपूजनाला मी त्याला हळदकुंकू वाहत आले, पण नीट न्याहाळला तो आजच.

एका बाजूला चारमिनार. मधल्या कमानीत कुंकू दगडासारखं बसलेलं. काडेपेटीच्या काडीने हळूहळू कोरलं तर आत एक अक्षर निघालं, ‘ऐन’. उस्मानच्या नावातलं पहिलं. मीर उस्मान अली खान, सातवे निजाम. त्यांच्या वडिलांच्या, मीर महबूब अलींच्या नाण्यावर त्याच जागी ‘मीम’ असतो. वर ९२ हा आकडा, अक्षरांना अंक देण्याच्या अबजद पद्धतीप्रमाणे ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज. आणि हे सगळं आमच्या तुळजाभवानीच्या टाकाला खेटून, इतकी वर्षं हळदीत माखून.

मी दुसरी बाजू कोरायला घेतली तशी आत्या म्हणाली, “समदं नको काढू गं. मायनं लावल्यालं कुंकू हाय त्यात.”

हा रुपया बार्शीला जाऊन परत आलेला. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धास्तीने निजामाच्या राज्यातल्या कळंब तालुक्यातल्या आमच्या गावातून बायका-पोरं रातोरात गाड्या जुंपून निघाली. बार्शी तेव्हा मुंबई प्रांतात, म्हणजे सरहद्दीपलीकडे. तिथे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, चालायचा. आजीच्या कनवटीला होते हाली. सरकारी भाव सात हालीला सहा कलदार, पण गरजवंताला भाव कोण देतो! तिथल्या एका सराफाने मनाला येईल तेवढा बट्टा कापला. आजी ही हकीकत सांगायची तेव्हा रझाकार दोन वाक्यांत संपायचे, सराफाला मात्र अर्धा तास शिव्या मिळायच्या. शेवटचा रुपया तिने हट्टाने मोडलाच नाही. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली, आणि दसऱ्याच्या सुमारास आजी घरी आली. रुपया देव्हाऱ्यात गेला तो तेव्हा.

मी आत्याला विचारलं, ज्याच्या राज्यातून पळावं लागलं त्याचाच रुपया पुजायचा, आजीला काहीच वाटलं नाही का? आत्याला प्रश्नच कळला नाही. “चांदीचा रुपया हाय. काय म्हनून काढायचा?” सकाळच्या भाषणांत निजाम हा फक्त जुलमी असतो, आणि तसं म्हणायला कारणंही आहेत. पण तो आमच्या घरात केवढा मुरलाय हे त्या भाषणांत कधी येत नाही. आबा उर्दू शाळेत शिकलेले. किराण्याची यादीसुद्धा उर्दूत लिहायचे, त्यामुळे दुकानात त्यांना स्वतःच जावं लागायचं. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १३३८ फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सालगणनेप्रमाणे. त्यात ५९० मिळवायचे, मग कळतं की आबा १९२८-२९ चे. वाढदिवस असा कधी झालाच नाही, महिनाही फसलीच, ‘बहमन’ आहे म्हणून!

गेल्या पावसाळ्यात तेरला गेले होते ते आज सारखं आठवत होतं. धाराशिव जिल्ह्यातलं हे तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचं. आजही पाऊस पडून गेला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर मणी सापडतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर असं वेचून जमवलं, त्यातूनच तिथलं संग्रहालय उभं राहिलं. तेरच्या वस्तूंत रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्याही आहेत, गळ्यात घालायच्या. रोमचा कुठला बादशहा आपण गळ्यात मिरवतोय याची त्या बाईला काय पडली असणार? तिला आमची आत्या लगेच पटली असती.

(किल्ले बघून मला असं काही होत नाही, हे इथे लिहून ठेवते. औशाचा, नळदुर्गचा, सगळे पाहिले. पाय दुखले.)

संध्याकाळी चुलतभाऊ आला. त्याने आधीच सोनाराला दाखवून ठेवलाय : वजन अकरा ग्रॅमच्या जरा वर, चांदी शंभरात ब्याऐंशीच्या आसपास, बाकी भेसळ. त्याला तो काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावायचाय, खाली आजीची हकीकत छापून. “येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल तरी,” म्हणतो. आत्याने सरळ विचारलं, “आन् दिवाळीला काचंवर कुंकू लावायचं का रं?” तो म्हणाला, दिवाळीला नवीन चांदीचं नाणं आणू, लक्ष्मीचं चित्र असलेलं. त्यावर आत्या जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मी आत्याच्या बाजूने आहे, पण भाऊ मोबाईलवर फ्रेमवाल्याचे नमुने दाखवत बसलाय आणि काकूला त्यातला सागवानी आवडलाय.