सड्यावरचा हत्ती आणि कशेळीचा कनकादित्य

रत्नागिरीत पाहुणे आले की त्यांचा फेरा ठरलेला असतो. थिबा पॅलेस, भाट्याची पुळण, मग गणपतीपुळे आणि परतताना आमपोळी-कोकमांची खरेदी. थिबा पॅलेस बघावाच. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्या लाल वाड्याच्या सज्जात उभं राहिलं की त्याचं एकटेपण जाणवतं. पण घरापासून एका दिवसात होणारी आणि मला सगळ्यांत जवळची वाटणारी वाट दक्षिणेला जाते. पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी.

यंदा माघात आत्या डोंबिवलीहून आली होती. माहेर रत्नागिरी, पण कशेळी तिने पाहिलेली नव्हती. सकाळी उजाडताच आम्ही निघालो. भाट्याच्या पुलाखाली काजळी नदीला भरती लागली होती. दोन्ही बाजूंच्या कलमांना मोहोर होता आणि त्याचा वास गाडीत येत होता. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि पुढे निघालो.

पूर्णगड अगदी छोटा किल्ला. गावातून चढायला काही मिनिटं पुरतात, त्यामुळे आत्यालाही जमला. मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, नेमकी त्या मुखावर नजर ठेवायला तो बांधलेला आहे. तटावर उभं राहिलं की त्याची जागा इथेच का, हे कुणी सांगावं लागत नाही: एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र, आणि आत शिरणारं प्रत्येक गलबत डोळ्यांसमोरून जाणार. पूल ओलांडला की गावखडी. सुरूच्या बनामागे लांबच लांब पुळण आहे. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात आणि गावातली माणसं ती घरटी राखतात. तिथे आम्ही फार थांबलो नाही, कारण मला उन्हं चढायच्या आत कशेळीचा सडा, म्हणजे गावाजवळचं कातळाचं पठार, गाठायचा होता. तिथे कातळशिल्पं आहेत, उघड्या कातळावर कोरलेली फार जुनी चित्रं.

कातळशिल्पं बघायची तर सकाळी लवकर, नाहीतर दिवस कलताना. ऊन तिरपं असेल तरच कोरलेल्या रेषेत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी सगळा कातळ एकसारखा काळा दिसतो, आणि तापतोही असा की पाय ठेववत नाही.

सड्यावर पोचल्यावर आत्या म्हणाली, "अगो, इथे आहे तरी काय? नुसता कातळ." तिचं बरोबरच होतं. वाळकं गवत, कुठे करवंदीची जाळी, बाकी जांभ्या दगडाचं मोकळं पठार. वाट दाखवायला गावातले एक काका आले होते. "ताई, वहाणा हितंच काढा हां," एवढं म्हणून ते पुढे झाले. हातातल्या काठीने कातळाला न टेकवता, हवेतूनच रेषा दाखवायला लागले. "ही पाठ बघा. ह्यो पाय. ही सोंड." काठी फिरत गेली तसा पायाखालचा हत्ती आम्हाला दिसत गेला. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद! आपण त्याच्या काठाशीच उभे असतो, म्हणून तो एका नजरेत मावत नाही. भोवती चालत चालत मनात जुळवावा लागतो.

मग त्याच्या पोटात बघायचं. आत मासे आहेत, पक्षी आहेत, चार पायांची जनावरं आहेत, एकमेकांना खेटून कोरलेली. आत्या खाली बसली आणि एका माशाच्या खाचेत तिने हलकेच बोट ठेवलं. खाचेचा काठ पावसापाण्याने गुळगुळीत झालेला, तळाशी थोडी लाल माती आणि वाळकं शेवाळ. अभ्यासक या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे माणूस शिकारीवर जगत होता त्या दगडी हत्यारांच्या काळापर्यंत, मागे नेतात. कोरणाऱ्यांनी घर, भांडं, नाव काही मागे ठेवलं नाही. ठेवली ती ही जनावरं. आत्या बराच वेळ तिथून उठली नाही.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून ही शिल्पं उजेडात आणली. २०२२ साली कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली सात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. तरीही सातबाऱ्यावर असल्या जमिनीला पोटखराबाच, म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीनच, म्हणतात. चिरेखाण सुरू झाली, कलमांच्या खड्ड्यांसाठी सुरुंग लागले, रस्ता रुंद झाला की एखादं चित्र कायमचं जातं, आणि ते होतं हेसुद्धा कुणाला कळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिल्पं बघायला जाणाऱ्यांनी निदान फोटोसाठी त्यांच्या रेषा खडूने भरू नयेत, वर पाणी ओतू नये.

मग कनकादित्य. सूर्याची देवळं कोकणात मोजकीच, आणि हे त्यांतलं फार जुनं. शिलाहार राजा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. गावात सांगतात ते असं: प्रभासपट्टणहून मूर्ती घेऊन निघालेलं जहाज कशेळीच्या समुद्रात अडलं, काही केल्या हलेना. शेवटी व्यापाऱ्याने मूर्ती काठावरच्या गुहेत ठेवली, तेव्हा जहाज सुटलं. पुढे कनका नावाच्या भक्त बाईला दृष्टांत झाला आणि तिने देव गावात आणला. काळ्या पाषाणाची ती मूर्ती गाभाऱ्याच्या मंद उजेडात पाहताना आत्याने हात जोडले आणि म्हणाली, "रथसप्तमीच्या उत्सवाला पुन्हा यायला हवं."

जेवण गावातच एका घरी आधी सांगून ठेवलं होतं. उकडा भात, कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ, सोलकढी. हंगामातला पहिला ओला काजू होता, त्यामुळे आम्ही दोघींनी उसळ मागून घेतली.

दुपारची उन्हं उतरल्यावर देवघळीला गेलो. इथे दोन्ही बाजूंनी कडे समुद्रात घुसले आहेत आणि मध्ये लहानशी पुळण. मूर्ती ठेवली होती ती गुहा याच किनाऱ्याला आहे. तिथे उतरायचं तर ओहोटी आणि गावातला माणूस, दोन्ही सोबत हवीत. पावसाळ्यात तर मुळीच धाडस करू नये.

घरी येताना आत्याने उक्षी गावच्या सड्यावर कोरलेल्या हत्तीची चौकशी सुरू केली. तो आमच्या दुसऱ्या बाजूला, उत्तरेकडे. कोकण रेल्वेचं उक्षी स्टेशन आहेच, आणि गावकऱ्यांनी त्या शिल्पाभोवती जांभ्याचा कठडा बांधून ते राखलं आहे. तिचं परतीचं तिकीट रविवारचं होतं. तेव्हा शुक्रवारी पहाटे उक्षी आणि तिथून जांभरुणची कातळशिल्पं, असं गाडीतच ठरवून टाकलं.