युंगफ्राउयोखवर ढगातले बारीक हिमस्फटिक मोजायला जाणाऱ्यांसाठी

महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग थेट प्रयोगशाळेच्या दारात येतो, पण 1,348 मीटरवरचा तो ढग शून्य अंशाच्या बराच वर असतो. त्यात बर्फ नाही. अतिशीत थेंब (शून्याखालीही न गोठलेले) आणि हिमस्फटिक एकत्र असलेला ढग विमानाशिवाय गाठायचा, तर स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ही उत्तम जागा. तिथली स्फिंक्स वेधशाळा सुमारे 3,570 मीटरवर आहे आणि वर्षातला एक-तृतीयांशाहून अधिक काळ ढगात असते. फेब्रुवारी-मार्च निवडा.

इंटरलाकेनहून ग्रिन्डेलवाल्ड किंवा लाउटरब्रुनेन गाठायचं आणि पुढे बोगद्यातली रेल्वे पकडायची. वरचं स्थानक 3,454 मीटरवर. तिथून बोगद्याने लिफ्टपर्यंत आणि लिफ्टने स्फिंक्सला. लिफ्टमध्ये काय मावतं ते संशोधन केंद्राला आधी विचारून मगच पेट्या बनवा. सकाळी 570 मीटरवर आणि दुपारी साडेतीन हजारावर, अशी ही चढाई आहे. हवेचा दाब 650 हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. पहिल्या दिवशी जड पेट्या उचलू नका, भरपूर पाणी प्या. जेवणाचं सामान खालूनच न्या. आपल्या तीन जाड पिनांचा प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाही, दोन पिनांचा बसतो. पण प्रोबच्या, म्हणजे ढगातले कण मोजणाऱ्या यंत्राच्या, वीजपुरवठ्याला अर्थिंग हवंच, म्हणून स्विस तीन पिनांची वायर घ्या. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कची मर्यादा साधारण 3,000 मीटर असते. एसएसडी न्या.

आता मूळ अडचण. अशा ढगात घनसेंटिमीटरला 100 थेंब असले, तर लिटरला एक लाख झाले. हिमस्फटिक लिटरला 10 असू शकतात. म्हणजे दहा हजारांत एक थेंब जरी चुकून बर्फ म्हणून मोजला, तरी उत्तर दुप्पट होतं. बारीक स्फटिकांच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी मोजलेला कण ढगातून आला, यंत्राने घडवला की जमिनीवरून उडाला, हे दाखवता आलं पाहिजे. उपकरणांची सगळी मांडणी त्यासाठीच करायची.

कणांच्या सावल्या टिपणाऱ्या टू-डी-एस प्रोबमध्ये 128 फोटोडायोडची (प्रकाश टिपणाऱ्या घटकांची) रांग असते, प्रत्येक डायोड 10 मायक्रॉनचा. लेझरच्या पट्ट्यातून कण गेला की त्याची सावली या रांगेवर पडते. फोकसची खोली, म्हणजे कण स्पष्ट दिसतो तेवढं अंतर, कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते: 20 मायक्रॉनच्या कणासाठी ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर, 100 मायक्रॉनला त्याच्या 25 पट. त्यामुळे बारीक कणांचं नमुना-आकारमान (प्रत्यक्ष तपासली जाणारी हवा) फार लहान असतं आणि मोजलेल्या एकेका कणाला प्रचंड गुणक लागतो. त्यातच फोकसबाहेरच्या कणाची सावली मधे पोकळ कड्यासारखी आणि मूळ कणापेक्षा मोठी दिसते. अशा प्रतिमा वेगळ्या काढून दुरुस्त कराव्या लागतात. 50 मायक्रॉनच्या खाली तर केवळ आकारावरून थेंब की बर्फ हे ठरवूच नये. तिथे पुढच्या दिशेने विखुरलेल्या प्रकाशाचा नकाशा टिपणारं एसआयडी-3 किंवा ध्रुवीकरण मोजणारं यंत्र जोडीला हवं. गोल थेंब एकात एक वर्तुळं देतो, स्फटिक देत नाही.

विमानावर हवा आपोआप वेगाने येते. इथे ती नळीतून पंख्याने ओढावी लागते, सेकंदाला साधारण 15 मीटर. दर 10 मायक्रॉनला डायोडची रांग एकदा वाचायची, तर त्या वेगाला 1.5 मेगाहर्ट्झचं घड्याळ लागतं. नळी बर्फाने अर्धी बुजली आणि वेग 12 वर आला, पण घड्याळ तेच राहिलं, तर 100 मायक्रॉनचा थेंब प्रवाहाच्या दिशेने 125 मायक्रॉन दिसतो. लांबट थेंब दिसू लागले की आधी नळी तपासा. वारा इथे मुख्यतः वायव्येकडून किंवा आग्नेयेकडून येतो, तेव्हा प्रोब फिरत्या बैठकीवर बसवून तोंड वाऱ्याकडे ठेवा.

प्रोबच्या टोकांवर बर्फ धरतो. ढगाच्या काळात हीटर चालू ठेवाच, तरीही दर काही तासांनी डोळ्यांनी पाहणी करा. मोठा स्फटिक टोकावर आपटून फुटला की तुकडे घोळक्याने येतात. दोन कणांमधल्या वेळेचा आलेख काढला तर वेगळा उंचवटा दिसतो. 15 मीटर वेगाला तुकड्यांमधलं एका सेंटिमीटरचं अंतर म्हणजे 0.7 मिलिसेकंद. तो घोळका पूर्ण गाळा, फक्त दुसरा कण नव्हे. विमानापेक्षा इथे स्फटिकांची फूट कमी होते, पण शून्य नव्हे.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे जमीन. कडे आणि इमारतीवर जमलेलं हिमतुषार (गोठलेलं दव) सुटून हवेत मिसळतं आणि संख्या लिटरला शेकड्यांवर जाते. ती वाऱ्याच्या वेगाशी नेहमी जुळतेच असंही नाही. ऑस्ट्रियातल्या झोनब्लिक शिखरावर होलोग्राफीचं (कणांच्या त्रिमितीय प्रतिमा घेणारं) यंत्र उंचीनुसार वरखाली नेलं, तेव्हा जमिनीलगत लिटरला शंभराहून अधिक असलेली संख्या 10 मीटरमध्येच निम्म्याहून कमी झाली. म्हणून शक्य तेवढा उंच खांब लावा आणि दोन उंचींवर मोजा. हे केल्याशिवाय अशा आकड्यावरून ढगात दुय्यम बर्फनिर्मिती (आधीच्या बर्फापासून नवे स्फटिक) झाली, असं लिहिणं आम्हाला मान्य नाही.

थेंब मोजणाऱ्या सीडीपीची तपासणी ठरावीक व्यासाच्या काचेच्या मण्यांनी करायची. काचेचा अपवर्तनांक 1.5, पाण्याचा 1.33, मण्याचा व्यास गुस्ताव मी यांच्या प्रकीर्णन सिद्धान्ताने पाण्याच्या थेंबाच्या व्यासात बदलून घ्या. टू-डी-एससाठी ठिपके कोरलेली फिरती काच. ही तपासणी निघण्याआधी, वर पोहोचल्यावर आणि आवरण्याआधी तिथेच करा. परतीच्या धक्क्यांत लेझर सरकला, तर दोष मोजमापाच्या वेळचा की प्रवासातला हे नंतर कळत नाही. थंडीतून आत आणलेला प्रोब बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर काचांवर दव धरतं.