शास्पोचा वायसर: सहा महिन्यांची नोंद

गेल्या शनिवारी शास्पो या माझ्या जुन्या फ्रेंच बंदुकीचे सलग दहा बार काढले आणि दहाही वेळा तोंडावर गरम झोत आला नाही. ज्यांनी ही बंदूक उडवली आहे त्यांना याचं मोल कळेल. ऑक्टोबरात तिसऱ्या बारानंतर मी बंदूक खाली ठेवून भुवया जागेवर आहेत ना, ते चाचपत होतो.

आधी बंदुकीची ओळख. मॉडेल १८६६, म्युत्झिगच्या कारखान्यात १८६८ साली झालेली. डाव्या अंगाला 'मान्युफाक्त्यूर अँपेरियाल' (शाही कारखाना) अजून नीट वाचता येतं, म्हणजे तिसरा नेपोलियन गादीवर असतानाची. म्युत्झिग आल्झासमध्ये, प्रशियाशी झालेल्या युद्धातल्या १८७१ च्या पराभवानंतर ते गावच जर्मनीत गेलं, त्यामुळे माझ्या बंदुकीचं माहेर काही वर्षांतच परदेश झालं. लोखंडावरचा काळपट रंग छान उतरलाय. दस्त्यावरचा गोल शिक्का मात्र आधीच्या कुठल्या तरी मालकाने काचपेपरने घासून जवळजवळ पुसून टाकला. अशा माणसांच्या हातात काचपेपर देऊच नये.

घेतली फ्रान्सच्या सावोय भागातल्या एका जुन्या शस्त्रांच्या बाजारात. परत लिऑंला येताना शांबेरीत थांबलो, कारण तिथे चौकात चार हत्तींचं कारंजं आहे. हत्तींचे पुढचे अर्धे धड तेवढे दिसतात, मागचे भाग नाहीतच, म्हणून गावकरी त्यांना जरा वात्रट नावाने हाक मारतात. कारंजं आहे बेन्वा डी बॉईनच्या स्मरणार्थ, म्हणजे आपल्या महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा तो हाच, याच गावचा. गाडीच्या डिकीत शास्पो आणि समोर शिंदेशाहीचे हत्ती. पंधरा मिनिटं उगाच बसून राहिलो.

आता मुद्द्याचं. शास्पो ही सुईची बंदूक. चाप ओढला की लांब सुई पुढे जाते, कागदी काडतुसाचं बूड भोकसते आणि दारू पेटवणाऱ्या टोपीवर आदळते. प्रशियाच्या द्रायझे बंदुकीतही सुईच होती, पण तिथे टोपी गोळीच्या बुडाशी, म्हणून सुईला सगळी दारू पार करून जावं लागायचं आणि ती दारूच्या आगीतच उभी राहून जळायची. शास्पोने टोपी काडतुसाच्या मागच्या टोकाला आणली. सुई आखूड झाली, जास्त टिकू लागली. पण खरी गंमत पुढे. द्रायझेत मागची फट बंद करायला लोखंडावर लोखंड टेकवलेलं होतं, तिथून वायू निसटायचाच. आन्त्वान शास्पोने बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, पुढच्या हलत्या डोक्यामागे रबराचा जाड वायसर बसवला. बार झाला की डोकं मागे ढकललं जातं, रबर चेपतं, कडेला फुगतं आणि नळीचं मागचं तोंड घट्ट बुजवतं. एवढ्या एका रबरी चकतीमुळे फ्रेंच शिपाई दारू जास्त घालू शकला, खांद्याला लावून नेम धरू शकला आणि १२०० मीटरपर्यंतच्या खुणा असलेली नेमाची पट्टी वापरू शकला. १८ ऑगस्ट १८७० ला सें-प्रिवाच्या उघड्या उतारावर प्रशियाच्या गार्ड पलटणी चालत आल्या, तेव्हा त्यांचे सुमारे आठ हजार लोक पडले किंवा जखमी झाले. युद्ध हरले फ्रेंचच, पण त्याचा दोष बंदुकीला देता येत नाही. तोफा प्रशियाच्या चांगल्या होत्या आणि सेनापतीही.

त्या काळचं रबर थंडीत कडक व्हायचं, उष्णतेने चिरायचं. म्हणून शिपायाजवळ जादा सुई आणि जादा वायसर असायचा. माझ्याजवळ काय होतं? नळाच्या दुकानातून आणलेला काळा वायसर.

ऑक्टोबर. नळाचा वायसर सहा बार टिकला असं लिहायला आवडेल, पण तिसऱ्यालाच कडेचा तुकडा उडाला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. आमच्या नेमबाजीच्या क्लबात एक आजोबा आहेत, सगळे त्यांना 'पेपे' म्हणतात, चाळीस वर्षं हेच करतात. त्यांनी बोल्ट हातात घेतला, वायसर नखाने दाबला आणि विचारलं, "हा बेसिनखालचा आहे का?" मी गप्प.

नोव्हेंबर. सिलिकॉनचा वायसर स्वतः कापला. मऊ पडला. चेपतो छान, पण परत मूळ आकाराला येत नाही, आणि चौथ्या बारानंतर बोल्ट उघडायला तळहाताने ठोकावं लागलं. त्यात दुसरी भानगड कागदाची. काडतूस वळायला मी संक्रांतीचा पतंगाचा कागद वापरला होता, घरून आणलेला, जांभळा. वळायला अप्रतिम, दिसायला त्याहून. जळायला मात्र अर्धवट. बोल्ट उघडला तर आत कागदाची किनार लाल निखाऱ्यासारखी धुमसत होती, आणि माझ्या दुसऱ्या हातात पुढचं काडतूस तयार. पेपेने मनगट धरलं. त्या दिवसापासून प्रत्येक बारानंतर बोल्ट उघडून, आत बघून, मनात वीसपर्यंत मोजून मगच पुढचं काडतूस खिशातून बाहेर. मूळ काडतुसाच्या कागदावर रेशमाची जाळी असायची. मी आता सिगारेटच्या पातळ कागदाचे दोन थर देतो.

डिसेंबरात फक्त शिसं ओतलं. नळीतून शिशाचा गोळा ठोकून माप काढलं तर नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांमध्ये ११.६ मिलिमीटर भरलं, आणि माझा साचा देतो ११.५. म्हणजे इतके दिवस गोळी आट्यांना नीट धरतच नव्हती. गोळीला मेण आणि मेंढीची चरबी लावतो. हे आईला फोनवर सांगितलं तर पलीकडून लगेच, "दातांनी तोडत नाहीस ना रे?" सत्तावन्न साल आपल्या घरात अजून ताजं आहे.

फेब्रुवारी. नवा साचा, ११.७ ची गोळी. आणि वायसर क्रमांक तीन: पॉलियुरेथेनचा, क्लबातल्या एका लेथवाल्या मित्राने वळून दिलेला. याने खेळ बदलला. जुन्या नळीला मूळची साडेपाच ग्रॅमच्या आसपासची दारू मी देत नाही, कमी घालतो, आणि उरलेली जागा रव्याने भरतो. हो, रवाच. इथले काळ्या दारूचे शौकीन सर्रास वापरतात, कारण दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी ठेवायची नसते. बायकोने मात्र उपम्याचा रवा आणि बंदुकीचा रवा वेगळ्या डब्यांत ठेवायला लावला, आणि बंदुकीच्या डब्यावर लाल पट्टी.

पन्नास मीटरवर पहिल्या दहा गोळ्या अठरा सेंटीमीटरच्या वर्तुळात, सगळ्या नेमापेक्षा एक वीत वर. वर जाणारच, कारण सगळ्यात खालची खाच २०० मीटरची आहे. शत्रू पन्नास मीटरवर आला तर संगीन आहे की! आता काळ्या ठिपक्याच्या बरंच खाली नेम धरतो.

सवय करायला वेळ लागतो तो क्रमालाही. आधी अंगठ्याने मागचा घोडा खेचायचा, नाहीतर बोल्ट उघडतच नाही. मग उघडणं, काडतूस, बंद करणं, चाप. बोल्ट उघडताच घोडा आपोआप चढण्याची सोय १८७४ च्या 'ग्रा' या पुढच्या फ्रेंच बंदुकीत आली.

ग्राबद्दलही दोन ओळी, कारण तीही माझ्याकडे आहे. तीच ११ मिलिमीटरची नळी, पण पितळी काडतूस. पितळ स्वतःच फुगून मागचं तोंड बुजवतं, म्हणजे वायसरची सगळी कटकट एका फटक्यात गेली. लाखो शास्पो अशाच ग्रामध्ये बदलल्या गेल्या, आणि त्यामुळेच न बदललेली शास्पो आज महाग. माझी ग्रा सेंत-एतिएनची, कडेला 'एम ८०' ठोकलेलं, म्हणजे १८८० मध्ये वायू बाहेर जायला खाच पाडली ती. नेमाने मारते, साफ करायला सोपी, काही तक्रार नाही. म्हणूनच तिच्याबद्दल लिहायला फारसं काही नाही. ग्रानंतरच्या लेबेल बंदुकीच्या वाटेला मी जात नाही. धूर नसलेली दारू आली की माझा रस संपतो.

एप्रिल, म्हणजे गेला शनिवार. वायसर क्रमांक चार, तिसऱ्याहून थोडा जाड. दर तीन बारांनंतर हलत्या डोक्याच्या खाचेत ओलं फडकं, कारण काजळी साचली की डोकं अडकतं आणि रबराला चेपायला जागाच उरत नाही. हे मला पाच महिन्यांनी कळलं. १८७० च्या शिपायाला पहिल्या आठवड्यात कळलं असणार. दहा बार. बारा सेंटीमीटर, त्यातला एक बेवारशी कोपऱ्यात, तो माझा, बंदुकीचा नाही. चेहऱ्यावर फक्त गंधकाचा वास.

घरी येऊन बोल्ट खोलला, गरम साबणाच्या पाण्यात टाकला. वायसरच्या कडेला, उजेडात धरलं तरच दिसेल एवढी चीर आहे. लेथवाल्या मित्राला अजून सहा वळायला सांगितलेत. त्याला बदल्यात दारू नको, चकल्या हव्यात.